‘मीठ चवीप्रमाणे’ : पण कोणाच्या?

बी. ए. तृतीय वर्ष

कोणतेही मराठी पाकपुस्तक उघडून पाहावे. डाळ किती वाट्या, तेल किती पळ्या, मोहरी किती चमचे हे सारे त्यात मोजूनमापून दिलेले असते. शेवटच्या ओळीवर मात्र लेखिका हात वर करते आणि लिहिते : ‘मीठ चवीप्रमाणे’. कधी ‘तिखट आवडीप्रमाणे’ असेही असते. या दोन शब्दांत स्वयंपाकाची निम्मी विद्या लपलेली आहे आणि ती कोणीच शिकवीत नाही, असे मला बरेच दिवस वाटत आले आहे. चव म्हणजे कोणाची? रांधणाऱ्या बाईची, पंगतीत पहिल्यांदा बसणाऱ्या पुरुषांची, की ज्याला डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितले आहे त्या म्हाताऱ्याची? पातेले एक आणि तोंडे सहा, अशी बहुतेक घरांची स्थिती असते. या लेखात त्या दोन शब्दांचा थोडा शोध घेण्याचा प्रयत्न केला आहे. विषय चुलीजवळचा आहे म्हणून प्राध्यापकवर्गाने तो हलका मानू नये, ही विनंती.

माझे गाव कनेरगाव नाका. हिंगोलीहून वाशीमकडे जाताना लागणारे हे सरहद्दीवरचे गाव. गावाच्या नावातच नाका आहे. अलीकडे मराठवाडा, पैनगंगेपलीकडे वऱ्हाड. निजामाच्या राज्यात जकातीच्या खात्याला करोडगिरी म्हणत आणि सरहद्दीवर त्याची नाकी असत. पलीकडचे वऱ्हाड १८५३ च्या तहाने इंग्रजांच्या ताब्यात गेले होते. १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ साली मराठवाडा आणि विदर्भ एकाच द्विभाषिक मुंबई राज्यात आले, आणि १९६० साली दोन्ही महाराष्ट्रात. नकाशावरची रेघ पुसली गेली, पण जिभेवरची इतक्या लवकर पुसत नाही. माझी आजी हयातभर ‘मोगलाई’ आणि ‘वऱ्हाड’ असेच म्हणत आली. माझी आई वाशीमकडची. त्यामुळे आमच्या घरात एकाच चुलीवर दोन मुलुख नांदतात. आजीला येसर घातलेली दाटसर आमटी हवी, आईच्या माहेरी वरणाला वरून लसणाची चुरचुरीत फोडणी. आजीच्या मते वऱ्हाडातले लोक ‘तेलात पोहतात’. आईच्या मते सासरच्या कालवणात ‘पीठच जास्त’. दोघींचे म्हणणे थोडे थोडे खरे आहे.

‘चवीप्रमाणे’ हा शब्दप्रयोग छापील पुस्तकांबरोबर आला असावा, असा माझा तर्क आहे. ज्या काळी मुलगी आईच्या हाताखाली शिके, त्या काळी तिला असे सांगण्याची गरज नव्हती. आई चिमूट दाखवी आणि मुलगी ती चिमूट बोटांत साठवी. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ साली छापून निघाले, आणि शंभर वर्षे होत आली असताना १९७० साली कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ आले. ‘रुचिरा’चे घरोघर स्वागत झाले त्याचे एक कारण म्हणजे त्यातील वाटी-चमच्याची मापे. नोकरीच्या गावी नव्याने संसार मांडलेल्या, जवळ सासू वा आई नसलेल्या मुलींना ती मापे मोठा आधार वाटली. पण सारे काही मापात बसवू पाहणाऱ्या लेखिकेलाही मीठ मापात बसवणे जमण्यासारखे नव्हते. याचे एक साधे कारण असे की, चमचाभर मीठ हे माप फसवे आहे. खडेमिठाच्या खड्यांमध्ये पोकळी राहते, म्हणून चमचाभर खडेमीठ वजनाला कमी भरते आणि तोच चमचा बारीक मिठाने भरला तर जास्त. आमच्या आजीचा हात खडेमिठावर बसलेला होता. २००६ साली आयोडीन नसलेले मीठ खाण्यासाठी विकण्यावर बंदी आली आणि घरात पिशवीतले बारीक मीठ आले. तेव्हा पहिले काही दिवस कालवण खारट होई, असे आई सांगते. हात तोच होता, चिमूट तीच होती; बदलले होते ते मीठ.

हाताचा हा अंदाज केवढा पक्का असतो, याचे उदाहरण आपण सारे पाहतो, पण आपले तिकडे लक्ष जात नाही. सणाला देवाला नैवेद्य दाखवण्याआधी स्वयंपाक चाखायचा नसतो. म्हणजे वर्षातले जे सर्वांत मोठे स्वयंपाक, पुरणपोळी, कटाची आमटी, भजी, भाज्या, ते सारे बायका न चाखता रांधतात. कणभर जिभेवर ठेवून पाहण्याचीही मुभा नाही. चूक झाली तर ती पंगतीत सगळ्यांसमोर उघडी पडणार. आणि तरी चूक सहसा होत नाही. वास, उकळीचा आवाज, पळीवरून ओघळणाऱ्या आमटीचा दाटपणा, यांवरून मीठ ठरते. २०२१ साली कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत आईचा वास गेला. फोडणी जळाली तरी तिला कळत नसे. आठ-दहा दिवस तिने आम्हाला काही सांगितले नाही, आणि आम्हा जेवणाऱ्यांपैकी एकालाही ते ओळखता आले नाही. आपण जिला चव म्हणतो तिचा मोठा भाग प्रत्यक्षात वास असतो. नाक चिमटीत धरून जिरे चावून पाहा, म्हणजे खात्री पटेल. तो भाग गेला असताना आईने केवळ सवयीच्या बळावर घर जेवू घातले. ही गोष्ट आठवली की मला आजही थोडे अपराधी वाटते.

आता ताटाकडे वळू. मला वाटते, ‘कोणाच्या चवीप्रमाणे’ या प्रश्नाचे उत्तर आपल्या पूर्वजांनी पुस्तकात नव्हे, तर ताटात देऊन ठेवले आहे. पंगतीत पान मांडले की प्रथम मीठ वाढतात. मग लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर, लोणचे. हे सारे डावीकडे. भाज्या उजवीकडे, भात मध्ये. ‘डावे-उजवे करणे’ हा वाक्प्रचार आपण कसाही वापरत असलो, तरी ताटातले डावे-उजवे मोठे विचारपूर्वक आहे. उजवीकडचे पदार्थ रांधणारीच्या चवीचे. ते सर्वांना सारखेच मिळतात. डावीकडचे पदार्थ मात्र खाणाऱ्याच्या स्वाधीन. ज्याला आंबट हवे त्याने लिंबू पिळावे, ज्याला तिखट हवे त्याने चटणी ओढावी, ज्याला भाजी अळणी वाटली त्याने चिमूटभर मीठ घ्यावे. रांधणारीला कमीपणा न आणता आपली चव आपण करून घेण्याची ही सोय आहे. यासाठी मराठीत शब्दही किती नेमका आहे : तोंडी लावणे. भाकरी पोटासाठी, तोंडी लावणे तोंडासाठी.

आमच्या भागात ही डावी बाजू विशेष समृद्ध आहे. ज्वारीच्या भाकरीबरोबर जवसाची चटणी, कारळाची चटणी, शेंगदाण्याची चटणी, हिरव्या मिरचीचा ठेचा, कच्चा कांदा. शेतात जाणाऱ्या गड्याच्या फडक्यात भाकरीवर याखेरीज दुसरे काही नसते, म्हणजे त्याचे सारे जेवण डाव्या बाजूचेच. हमरस्त्यावरच्या हॉटेलांनीही हीच रीत उचलली आहे. रस्सा एका पातेल्यात, वरची लाल तर्री वेगळी. गिऱ्हाईक सांगते, ‘तर्री मारके’ किंवा ‘बिगर तर्रीचा’, आणि वाढपी पळीच्या एका झटक्यात त्याची आवड पुरी करतो. नागपूरकडच्या तर्री-पोह्यांतही पोहे सौम्य आणि तर्री वरून, हाच प्रकार. हजार माणसांच्या हजार जिभा सांभाळायच्या तर तिखट पातेल्यात नव्हे, पळीत ठेवावे, हे हॉटेलवाल्याला कोणी शिकवावे लागले नाही.

या संदर्भात आमच्याच जिल्ह्यातल्या एका संताची कथा आठवते. नर्सी हे संत नामदेवांचे गाव मानले जाते. कनेरगावाहून ते फार लांब नाही. कुत्र्याने त्यांची भाकरी पळवली तेव्हा नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले, कोरडी खाऊ नकोस म्हणून, अशी कथा लहानपणी प्रत्येकाने ऐकलेली असते. तिचा अर्थ सर्वांभूती देव पाहण्याचा, तो आपल्याला ठाऊक आहेच. पण मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. नामदेवांनी भाकरीवर तूप आधीच ओतलेले नव्हते. ते वाटीत होते, वाटी हातात होती, आणि खाणाऱ्याला काय हवे असेल याचा विचार करीत ते धावत होते.

भाषेच्या विद्यार्थ्याला या विषयात मोठी मौज आहे. आयुर्वेदाने सहा रस सांगितले : मधुर, अम्ल, लवण, कटु, तिक्त आणि कषाय. यांतल्या ‘कटु’चा अर्थ आपण सहज कडू असा करतो आणि फसतो. शास्त्रातला कटु रस म्हणजे मिरे-सुंठीचा तिखटपणा, आणि तिक्त म्हणजे कडुनिंबाचा कडवटपणा. मराठीपर्यंत येताना ‘कटु’चा ‘कडू’ झाला आणि अर्थाने आपली जागा बदलली. तिखटासाठी आपण ‘तीक्ष्ण’ या शब्दाचे रूप वापरू लागलो. ‘लवण’ची कहाणी याहून गोड. सौंदर्याला आपण लावण्य म्हणतो, तो शब्द लवणावरूनच आला आहे. म्हणजे ज्यात मीठ आहे ते सुंदर. उलट ज्या कवितेत वा व्याख्यानात काही नाही ते अळणी. मीठमसाला लावून सांगणे, मिठाचा खडा पडणे, खाल्ल्या मिठाला जागणे, दृष्ट काढताना मीठमोहरी उतरवून टाकणे, हे सारे आठवले की वाटते, साखर आपल्या भाषेत फार उशिरा पाहुणी म्हणून आली आणि मीठ घरचेच होते.

मिरचीचे तर विचारूच नका. ठेच्यावाचून ज्याला भाकरी गोड लागत नाही अशा माणसाला सांगून पाहावे की, मिरची आपली नव्हे, ती अमेरिका खंडातून पोर्तुगीजांच्या जहाजांतून सोळाव्या शतकात आली. तो विश्वास ठेवणार नाही. शेंगदाणा, टोमॅटो आणि बटाटाही तिकडचेच. कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ या ग्रंथात राजाच्या भोजनाचे सविस्तर वर्णन केले. त्यात हिंगाचे पाणी आहे, मिरे आहेत, मीठ आहे. मिरची कोठेच नाही. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, आमच्या मराठवाड्याला लागूनच. नामदेवांच्या काळच्या भाकरीबरोबर लाल तिखट नव्हते, शेंगदाण्याची चटणी तर नव्हतीच. म्हणजे जी चव आज आपण ‘परंपरागत’ म्हणून छातीठोकपणे सांगतो, ती चारपाचशे वर्षांच्या अलीकडची आहे. जीभ शिकते. मला या एका वाक्याचा पुढे उपयोग करायचा आहे.

आवडीनिवडीविषयी वाद घालू नये, असे सगळेच म्हणतात आणि सगळेच घालतात. साहित्याच्या वर्गात आपण जो रससिद्धांत शिकतो, त्याची उपमाही भरतमुनींनी स्वयंपाकघरातूनच घेतली आहे. नाना व्यंजनांनी संस्कारलेले अन्न खाताना प्रसन्न मनाचे लोक जसा रसांचा आस्वाद घेतात, तसा नाट्याचा आस्वाद प्रेक्षक घेतात, असा ‘नाट्यशास्त्रा’च्या सहाव्या अध्यायातल्या विवेचनाचा आशय आहे. येथे लक्षात घेण्यासारखे हे की, मुनी केवळ पदार्थाबद्दल बोलत नाहीत, खाणाऱ्याच्या मनाबद्दलही बोलतात. रागावून ताटावर बसलेल्याला उत्तम आमटीही अळणीच लागणार, हा अनुभव कोणाला नाही? पाश्चात्त्य विचारवंतांपैकी डेव्हिड ह्यूम याने १७५७ साली अभिरुचीवर एक निबंध लिहिला. त्यात ‘डॉन किहोटे’ कादंबरीतली एक हकिकत आहे. दोघा जणांना दारूच्या पिंपाची पारख करायला बोलावले. एक म्हणाला, दारू चांगली, पण किंचित चामड्याची चव लागते. दुसरा म्हणाला, चांगली, पण लोखंडाची लागते. लोक हसले. पिंप रिकामे झाले तेव्हा तळाशी चामड्याच्या पट्ट्यात अडकवलेली जुनी किल्ली सापडली. दोघेही बरोबर होते, आणि हसणाऱ्यांच्या जिभा मात्र बोथट होत्या.

ह्यूमला जे गोष्टीतून सांगावे लागले ते पुढे विज्ञानाने प्रयोगशाळेत पाहिले, तेही अपघातानेच. १९३१ साली आर्थर फॉक्स नावाचा अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ एक पांढरी भुकटी ओतत असताना ती हवेत उडाली. शेजारचा सहकारी म्हणाला, तोंड कडू झाले. फॉक्सला काहीच लागले नाही. दोघांत वाद झाला, मग त्यांनी इतरांना ती चाखवून पाहिली, तेव्हा कळले की काही माणसांना ही भुकटी जहर कडू लागते आणि काहींना तिची चवच कळत नाही. हा फरक वंशपरंपरेने येतो हे पुढे स्पष्ट झाले आणि २००३ साली त्यामागचे जनुकही सापडले. म्हणून कारल्याची भाजी पानात टाकणाऱ्या पोराला दटावण्यापूर्वी आईने क्षणभर थांबावे. त्याच्या तोंडात जे लागते आहे ते तिच्या तोंडात लागतच नसेल. तिखटाची तऱ्हा आणखी निराळी. मिरचीचा झणका ही मुळी चवच नव्हे. ज्या मज्जातंतूंना उष्णतेचा चटका कळतो, त्यांच्यावरच मिरचीतले द्रव्य काम करते. ही यंत्रणा १९९७ साली डेव्हिड ज्युलियस यांनी उलगडली आणि २०२१ साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला. ‘तोंड भाजले’ असे आपण म्हणतो ते शब्दशः बरोबर आहे. तिखटाचे ते द्रव्य पाण्यात विरघळत नाही, म्हणून ठेचा जास्त झाला तर तांब्याभर पाण्यापेक्षा दह्याची कवडी बरी.

चुलीजवळच्या दोन-तीन गोष्टी येथेच सांगून टाकतो, कारण वसतिगृहात स्वतः रांधणाऱ्या मित्रांना त्या उपयोगी पडतील. पालेभाजीत मीठ सुरुवातीला घालू नये. ढीगभर भाजी शिजून मूठभर होते आणि मीठ तेवढेच राहते. तुरीच्या डाळीत अंबाडी वा चिंच आधी घातली तर डाळ शिजता शिजत नाही, आंबटपणाने ती टणक राहते. आधी डाळ शिजवावी, मग आंबट घालावे. लिंबू पिळले की मीठ कमी असले तरी खपून जाते. आमटी खारट झाली तर कणकेचा गोळा किंवा बटाटा टाकावा, असे सांगतात. गोळा मीठ शोषतो, पण पाण्यासकट शोषतो. उरलेली आमटी होती तितकीच खारट राहते. खरा उपाय म्हणजे पाणी आणि डाळ वाढवणे, किंवा शेजारच्या खोलीतल्यांना जेवायला बोलावणे.

आता ज्या कारणाने हा लेख लिहायला घेतला ते सांगतो. तीन वर्षांपूर्वी आबांना, म्हणजे माझ्या आजोबांना, रक्तदाबाचा त्रास सुरू झाला. डॉक्टरांनी मीठ कमी करा असे सांगितले. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याप्रमाणे मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, म्हणजे सपाट चहाचा चमचाही पुरा नाही, आणि त्यात लोणचे, पापड, चिवडा सारे आले. सहा माणसांच्या घराला या हिशेबाने रोज ३० ग्रॅम लागावे आणि एक किलोची पिशवी ३३ दिवस पुरावी. आमच्या घरी ती महिनाअखेर कधीच गाठत नसे. वाचकांनी आपापल्या घरी पिशवीवर तारीख लिहून पाहावी.

आईने पातेल्यातच मीठ कमी केले. पहिल्या दिवशी आबांनी घास घेतला, ताट थोडे पुढे सरकवले आणि म्हणाले, “सूनबाई, आज मीठ इसरल्या का?” आई म्हणाली, “नाही मामा, डॉक्टरनं सांगितलं ना.” आबा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी बोलले. तिसऱ्या दिवशी वडीलही बोलले, कारण त्यांनाही अळणी लागत होते आणि त्यांना तर रक्तदाब नव्हता. आठवडाभरात घरात असे वातावरण झाले की, जणू आईने सगळ्यांचे काही हिरावून घेतले आहे. मग आईने दोन पातेली करून पाहिली. एक आबांचे, एक बाकीच्यांचे. आबांना ते फारच लागले. “मला वायलं टाकलं,” असे ते आजीला म्हणाल्याचे मी ऐकले. घरातल्या कर्त्या पुरुषाच्या पानात वेगळ्या पातेल्यातले वाढणे याचा अर्थ आमच्याकडे औषधापुरता राहत नाही. आणि त्यांची तक्रार हट्टाची होती असेही नव्हे. वय वाढते तशी चव-वासाची जाण मंदावते. जेवढ्या मिठाने आम्हाला भाजी खारट लागे तेवढ्याने त्यांना ती बेताची लागे.

त्याच सुमारास मला ग्रंथालयात अमेरिकेतील दोन प्रयोगांची माहिती वाचायला मिळाली. पहिला १९८२ सालचा. काही माणसांना काही महिने कमी मिठाच्या आहारावर ठेवले. सुरुवातीला त्यांना जेवण बेचव लागले, पण दोन-तीन महिन्यांनी त्यांची आवडच खाली आली आणि पूर्वीचे जेवण त्यांना खारट लागू लागले. जीभ शिकते, असे मी वर म्हटले ते हेच. दुसरा प्रयोग १९८७ साली प्रसिद्ध झाला. शिजवतानाचे मीठ निम्म्याच्या आसपास कमी केले आणि टेबलावर मिठाची डबी मोकळी ठेवली, हवे तेवढे घ्या म्हणून. लोकांनी वरून मीठ घेतले, पण पातेल्यातून जेवढे काढले होते त्याच्या पाचव्या भागाहूनही कमी. मिठाचा कण थेट जिभेवर पडतो तेव्हा थोडेसेच पुरते. तेच आमटीत विरघळले की बरेच लागते. मला एकदम आमचे ताट आठवले, आणि त्याच्या डोक्याशी वाढलेली मिठाची चिमूट.

मी आईला सांगितले, पातेले एकच ठेव, मीठ सगळ्यांसाठी कमी घाल, आणि प्रत्येकाच्या पानात चिमूट वाढ, सणाला वाढतेस तशी. आईला पटले, कारण त्यात नवे काही नव्हते. आबांच्या पानातली चिमूट ती स्वतः मोजून वाढी. लोणच्याऐवजी लिंबू, पापडाऐवजी कांदा, आणि जवसाच्या चटणीत मीठ कमी पण लसूण जास्त. पहिला महिना कुरकुर झाली. आबा मीठ बोटाने टिपून भाकरीला लावीत आणि आमच्याकडे पाहत. पण आता पान सगळ्यांचे सारखे होते, त्यामुळे त्या पाहण्यात पहिल्यासारखा राग नव्हता. दोन-अडीच महिन्यांनी एका लग्नात जेवून आल्यावर ते म्हणाले, “बुंदी चांगली होती, वरण लई खारट.” वरण नेहमीसारखेच होते, आम्ही सगळेच जेवलो होतो. औषध चालू आहेच, मिठामुळे ते सुटले असे मी म्हणणार नाही. तपासणीत आकडे पूर्वीपेक्षा बरे येतात, एवढेच.

येथे कोणी आक्षेप घेईल की, आवडीचे एवढे कौतुक केल्यावर तूच सगळ्यांची आवड बदलवलीस. आक्षेप योग्य आहे. मीठ ही केवळ आवडीची बाब कधीच नव्हती. इंग्रज सरकारने १८८२ च्या कायद्याने मिठाची मक्तेदारी आपल्याकडे ठेवली, तेव्हा गरिबाच्या आमटीत किती मीठ पडावे हे सरकार ठरवू लागले. १९३० च्या एप्रिलमध्ये गांधीजी दांडीला पोचले. त्याच महिन्यात समुद्र नसलेल्या वऱ्हाडात, अकोल्याजवळच्या दहीहांडा गावी, खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ करून लोकांनी कायदा मोडला. पूर्णेच्या खोऱ्यातला तो खारपाणपट्टा. जे पाणी पिववत नाही म्हणून लोक रडत, तेच त्या दिवशी कामास आले. मिठावरचा तो कर १९४७ साली उठला. पातेल्यात किती घालायचे हा अधिकार घराकडे आला खरा, पण घरात तो कोणाकडे आला?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना माझ्या लक्षात आले की, आबांना कसे लागते, वडिलांना कसे लागते, आजीला, आम्हा भावंडांना कसे लागते हे मी सांगू शकतो, पण आईला कसे लागते ते मला माहीत नाही. ती सर्वांत शेवटी जेवते. तोवर ताटाची डावी बाजू बहुधा संपलेली असते, लिंबाची फोड पिळून झालेली असते. मी तिला विचारले. आधी ती हसली. “मला काय, सगळं चालतं,” म्हणाली. पुन्हा विचारले तेव्हा म्हणाली, तिला आंबट फार आवडते. माहेरी अंबाडीची भाजी ज्वारीच्या कण्या घालून, चांगली दात आंबतील इतकी आंबट करीत, आणि वरून लसणाची कढत फोडणी. येथे आंबट कोणी खात नाही, म्हणून लग्नानंतर तिने अंबाडी नेहमी पाणी पिळून, आंबटपणा काढूनच केली. एकवीस वर्षे.

दिवाळीच्या सुट्टीत मी नाक्यावरच्या बाजारातून अंबाडीच्या दोन जुड्या आणल्या आणि पाणी पिळू नको म्हणून सांगितले. आईने एक जुडी नेहमीसारखी केली आणि दुसरी न पिळता, लहान पातेल्यात. आबांनी त्यातली बोटभर चाखली, डोळे मिटले आणि पाण्याचा तांब्या मागितला. आजी म्हणाली, “हे वऱ्हाडी खाणं माय, आपल्याला नाही झेपत.” आई काही बोलली नाही. तिने आपले ताट घेतले, लहान पातेले पुढे ओढले, आणि त्या दिवशी ती आमच्याबरोबरच जेवायला बसली.